वजन कुठल्या पायावर

वर्ग भरायचा सरकीच्या जुन्या गोदामात,
आर्वीच्या बसस्टँडमागं.
कोपऱ्यात प्लास्टरचा एक ग्रीक,
नागपूरहून एसटीच्या टपावर आलेला,
तळेगावच्या वळणावर नाक गमावून.
वर्षभर आम्ही त्यालाच काढला.
न हलणारा, न घामेजणारा,
साडेसात डोकी उंच.

मग खडतकर सरांनी उकंडाला आणलं.
तासाला वीस रुपये, चहा वेगळा.
त्यानं सदरा खिळ्याला अडकवला, धोतर वर खोचलं,
अन् विचारलं,
'नुसतं उभंच राह्याचं? काही उचलाचं नाही?'
सरांनी खडूनं त्याच्या पावलांभोवती रेघ ओढली.
डाव्या पायाला चारच बोटं,
तर रेघही चारदाच वळली.

पेन्सिल हात ताणून धरायची.
एक डोळा मिटायचा.
अंगठ्याचं नख खाली सरकवत
आधी डोकं मोजायचं,
मग त्या डोक्यानं उरलेला माणूस.
उकंडा साडेसहा भरला.
मी त्याला साडेसात केला.
उजवा खांदा दोन बोटं खाली होता, तोही वर घेतला,
वाटलं, एवढी तरी दया करावी.
मग कोळसा बोटानं घासघासून
डोळ्यांखाली दुःख भरलं, दाट.

सर मागं येऊन थांबले. तपकिरीचा वास.
'दुःख छान आहे,' म्हणाले.
'वजन कुठल्या पायावर आहे?'
मला सांगता येईना.
'मग हा उभा नाही. टांगलाय.'
आणि पावाच्या मऊ गरानं
माझा सगळा उकंडा पुसून टाकला.
वरून उकंडा बघत होता.
'पाव खायाचा असते, सर,' एवढंच बोलला.

त्या रात्री मी बाबांच्या थैलीतला ओळंबा चोरला,
गवंड्याचा, पितळी, सिमेंटनं खरखरीत झालेला.
(दुसऱ्या दिवशीची भिंत त्यांनी नुसत्या नजरेनं बांधली, शिव्या देत.)
वर्गात दोरी धरली उकंडासमोर.
गळ्याच्या खळगीतून सोडलेली रेघ
थेट उजव्या घोट्यावर उतरली.
कंबर त्याच बाजूला वर चढलेली,
खांदा त्याच बाजूला खाली आलेला.
पाठीवर गठाण नव्हती,
तरी तो ती धरून होता.

मी काही भरलं नाही.
नुसत्या रेघा:
हाड कातडीला आतून कुठं टेकतं,
स्नायू कुठं सोडून देतो.
चुकली की पुसायची. पुन्हा.
हात काळे, डोळे कोरडे.
कोरडे, याचीच लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी तो आला नाही.
जिनिंग सुरू झालं होतं, तिथं रोज जास्त.
माझं डोकं काढायचं राहिलं होतं.
सरांनी सदरा काढला,
खडूच्या पावलांत स्वतःचे पाय ठेवले.
डावी करंगळी रेघेबाहेर.
छातीवर पांढरे केस, त्यांखाली टाक्यांचा लांब व्रण,
ज्याबद्दल ते कधी बोलले नव्हते.
'बघत काय बसलात? मोजा.'
बराच वेळ कुणाचीच पेन्सिल उठली नाही.
मग एकेक डोळा मिटू लागला.

मी सरांचं डोकं उकंडाला लावलं नाही.
कागद तसाच घेऊन गेले जिनिंगवर.
तो रुईत पांढरा झाला होता, पापण्यांसकट.
कागद हातभर लांब धरला,
एक डोळा बारीक केला, आमच्यासारखाच.
'मुंडकं काऊन नाही केलं?'
'तुम्ही आले नाही ना.'
त्यानं बोट फिरवलं खांद्यापासून टाचेपर्यंत,
कागदाला लागू न देता.
पोटरीपाशी थांबला.
'हा माहाच पाय होय,' म्हणाला.
'रात्री कळ येते याच्यात, अठीसाच.
तुले कोनं सांगतलं, पोरी?'